कातणारीला इंग्रजीत काय म्हणतात

नागपूर,
बुधवार, ता. १९ नोव्हेंबर १९३०

सौ. देवकीवहिनी यांस,

माझं सगळं उलटंपालटं झालं ते परवा सोमवारी, अकराच्या सुमारास, जेलच्या कचेरीच्या खिडकीपाशी. ताराचंद कारकुनाने आपल्या अर्जाच्या पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं आणि तो हसला. त्या हसण्याआधी मी एक माणूस होतो, आता दुसराच कोणी झालो आहे.

रामाजी, हे पत्र तुम्हीच वाचून दाखवणार हे मला माहीत आहे, कारण वहिनींना अजून जोडाक्षरं अडतात. तेव्हा मोठ्याने वाचा. घरात सगळ्यांना ऐकू जाऊ द्या. तुमच्या बहिणीने तुम्हाला काही सांगितलं नसणार. ती जेलवरून घरी आली, चरख्याची चाती काढून पदरात बांधली आणि संध्याकाळच्या छोट्या गाडीने उमरेडला निघून गेली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. म्हणून काय झालं ते मीच सांगतो.

श्रावणात तुमच्या मेहुण्यांनी, कवडूभाऊंनी, सत्याग्रहात सरकारी रानातलं गवत कापलं आणि एक वर्षाची सक्तमजुरी झाली, एवढं तुम्हाला माहीत आहे. लॉरीत चढताना ते मला म्हणाले होते, "मुकुंदा, घराकडे पाहजो गा." मी नुकतंच कॉलेज सोडलं होतं. वडिलांशी बोलणं बंद होतं. कोष्टीपुऱ्यात कवडूभाऊंच्या भिंतीला भिंत लागून असलेली माडीवरची खोली घेऊन राहात होतो. पाहीन म्हणालो, आणि पाहिलं. पाणी भरणारा कोण, दळण नेणारा कोण, सगळं पाहिलं. वहिनींना बाराखडी शिकवली.

मागच्या आठवड्यात एक सुटलेला कैदी सांगून गेला की कवडू तापाने फणफणला आहे, जेलच्या दवाखान्यात ठेवला आहे. आजारी कैद्याची भेट पाहिजे तर साहेबाच्या नावे इंग्रजीत अर्ज लागतो. अख्ख्या कोष्टीपुऱ्यात इंग्रजी कोणाला येतं? मला.

इंग्रजी अर्जाची रीत अशी की नावापुढे धंदा लिहायचा. अमका, सुतार. तमका, तेली. वहिनी सूत कातते. कातणारा पुरुष असला तर स्पिनर. बाई असली तर स्पिन्स्टर. आमच्या प्रोफेसरांनी एकदा वर्गात याची गंमत सांगितली होती. जुन्या इंग्रजीत शब्दाच्या शेपटीला 'स्टर' आला की तो बाईचा धंदा. विणणारी ती वेब्स्टर, मद्य करणारी ती ब्रूस्टर. पुढे मागावर आणि भट्टीवर पुरुष येऊन बसले आणि कामासोबत नावंही घेऊन गेले. आज त्याच आडनावांचे साहेब मिशांना पीळ भरत फिरतात. एक स्पिन्स्टर तेवढी बाईकडे राहिली.

राहिली, पण तिचा अर्थ फिरला. त्या मुलखात लग्न व्हायच्या मुली घरी सूत कातत बसत. म्हणून कोर्टाच्या कागदात लग्न न झालेल्या कोणत्याही बाईच्या नावापुढे स्पिन्स्टर लिहायची चाल पडली, मग तिने जन्मात चरखा पाहिला नसला तरी चालेल. आज कचेऱ्यांतून हाच अर्थ चालतो. अविवाहित. हा दुसरा अर्थ अर्ज लिहिताना माझ्या ध्यानात आला नाही.

अर्जात लिहिलेलं असं: उमरेडची देवकी, स्पिन्स्टर, अर्ज करते की तिचा नवरा कवडू आजारी आहे. ताराचंदने ते वाचलं आणि म्हणाला, "बाबूजी, कुमारी का पती? ये कैसा हिसाब है?" आमच्या मागे कवडूभाऊंचे थोरले भाऊ नत्थूजी उभे होते. ते म्हणाले, "काय म्हणून राहिला तो?" मी म्हटलं, काही नाही. तर ताराचंदने मान बाहेर काढून, मोडक्या का होईना पण मराठीत सांगून टाकलं, "बाई लिखते का माझा लगन नाही झाला."

इथे मी गप्प बसलो असतो, हात जोडले असते, तर कदाचित कागद बदलून मिळाला असता. मी म्हणालो, "इंग्रजी येत नसेल तर खुर्ची सोडा." चाळीस माणसांसमोर. ताराचंदने मग तांबडी शाई घेतली आणि अर्जावर शेरा मारला: अर्जदार बाई स्वतःला अविवाहित म्हणवते, नातं सिद्ध नाही. आणि कैद्याला विचारून येतो म्हणून आत गेला. परत आला तो अर्ज वहिनींच्या हातात देऊन म्हणाला, "कैदी पूछता था अर्जी किसने लिखी. मैंने कहा, मुकुंद बाबू ने. तो बोला, मंग मले बायको नाही."

रामाजी, तुम्हाला माहीत आहे तिचा हा दुसरा संसार आहे, पाटाचा. नत्थूजींनी तिला कधी नावाने हाक मारली नाही, नेहमी 'पाटाची' म्हणतात. आणि त्याच बाईने सरकारात लिहून दिलं की मी कोणाची बायको नाही! अर्ज तिच्या हातून खाली पडला. नत्थूजींनी तो उचलला, चार घड्या केल्या आणि टोपीत ठेवला.

चूक माझी आहे. निस्तरणारही मीच. दुसरा अर्ज कालच टाकला. आठ दिवसांत भेट मिळवून देतो.

आपला
मुकुंद


नागपूर,
बुधवार, ता. ३ डिसेंबर १९३०

सौ. देवकीवहिनी यांस,

रामाजींचं कार्ड पोचलं. "देवकीची तब्येत ठीक. पत्रे पाठवण्याची तसदी घेऊ नये." तसदी कसली? बातमी द्यायची तर पत्र लिहावंच लागेल.

पहिली बातमी चांगली. कवडूभाऊंचा ताप उतरला. आता त्यांना चक्कीवर घातलं आहे.

दुसरी बातमी अशी की दुसरा अर्जही परत आला. या खेपेला नावापुढे 'बायको' असं एवढ्या जाड अक्षरांत लिहिलं होतं की आंधळ्याला बोटाने कळावं. साहेबाने मला आत बोलावलं. भला म्हातारा आहे. त्याने दोन्ही अर्थ मान्य केले, स्पिन्स्टरची गंमत ऐकून मनापासून हसला, माझ्या इंग्रजीची तारीफ केली. मग म्हणाला, "पण कैदी भेट नाही म्हणतो. नवऱ्याला ओढत आणून बायकोसमोर उभा करण्याचं कलम माझ्याकडे नाही." मी चिठ्ठी देऊ का म्हटलं. कैदी चिठ्ठी घेत नाही. वॉर्डरजवळ तोंडी निरोप देऊ का? दिला. उत्तर आलं, "मुकुंदाले सांगजो, इंग्रजीत लिहून पाठव म्हणा."

मग मी ठरवलं, आत जायचं. कैदी होऊनच जायचं आणि चक्कीपाशी कवडूभाऊंना गाठून सगळं सांगायचं. गुरुवारी दारूच्या दुकानापुढे आडवा पडलो. हवालदार आला, वाकून पाहिलं, म्हणाला, "मार्तंडराव कारकुनाचा पोरगा ना गा तू? ऊठ बाप्पा. थंडीत फरशीवर झोपशीन तं कंबर धरन." मी घोषणा दिल्या. माझ्याबरोबरच्या चौघांना लॉरीत घातलं. मला चहा पाजला, सायकलच्या दांडीवर बसवलं आणि वडिलांच्या दारात आणून सोडलं. चार महिन्यांनी मी त्या अंगणात पाय ठेवत होतो. वडिलांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. म्हणाले, "हवालदारसाहेब, बसा, पोहे होऊन राहिले."

हसू आलं तर हसा. हसलात असं रामाजींनी कळवलं तरी मला पुरे.

नत्थूजींना दोनदा भेटलो. पहिल्यांदा त्यांनी मागावरून नजर काढली नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, "मास्तर, तुमचं इंग्रजी आमाले नाही समजत. आमच्यात जे लिवलं ते लिवलं." मी म्हटलं, लिहिलं मी, तिने नाही. तर टोपी काढून तो कागद दाखवला. खाली तुमची सही. "हे कोणाच्या हातचं हाये?"

त्या कागदावर झडप घालायला माझे हात शिवशिवले. घातली असती तर फाटून दोन तुकडे झाले असते, आणि एक तुकडा त्यांच्याकडे राहिलाच असता.

तुमच्या दाराला कुलूप आहे. येता-जाता दिसतं. तुळशीला मी पाणी घालतो. कोनाड्यात तुमचे कातायचे कापसाचे पेळू राहून गेले होते ते नत्थूजींच्या घरून कोणीतरी नेले. भिंतीपलीकडे इतकं शांत आहे की मला झोपायला कोपरा बदलावा लागला.

हे शेवटचे चार-पाच शब्द रामाजींनी वाचले नाहीत तरी चालतील.

आपला
मुकुंद


नागपूर,
रविवार, ता. ११ जानेवारी १९३१

देवकीवहिनी,

तुमचं कार्ड आलं. पत्ता रामाजींच्या हातचा, पण आतला मजकूर तुमचा. एकच शब्द. "काहून?" 'का'चा काना आधी राहिला होता, मग शेजारी कोंबून बसवला आहे. एवढा एक शब्द लिहायला तुम्हाला किती वेळ लागला असेल ते मी जाणतो. मीच तर शिकवलं.

म्हणून हे पत्र तुमचं तुम्हीच वाचा. रामाजींना देऊ नका. जिथे अडेल तिथे सोडून पुढे जा, अर्थ लागेल. तो स्पिन्स्टर शब्द येईल तेव्हा तर सोडाच. त्यात अक्षरावर अक्षर चढलं आहे आणि त्याने आधीच पुरेसं वाटोळं केलं आहे.

दिवाळी सरली तेव्हाची गोष्ट. तुम्ही कातत होता, मी पाटीवर कित्ता घालून देत होतो. तुम्ही विचारलं,

"काहो मुकुंदभाऊ, गडी सूत काततो त्याले इंग्रजीत काय म्हणते?"

"स्पिनर."

"अन् बाईले?"

"स्पिन्स्टर."

"अगं माय! बाईले इतकं लांब काहून?"

मी म्हणालो, "बाईचं काम जास्त, म्हणून नाव लांब." तुम्ही हसलात आणि धागा तुटला. सांधता सांधता म्हणालात, "आपल्यात तं नावच नाही ना. मी कातते, कांड्या भरते, ताण्याले हात लावते. तरी मी कोण? कोष्टीण. कोष्टीण म्हणजे काय, तं कोष्ट्याची बायको. उद्या माहे हात मोडले तरी मी कोष्टीणच."

तुम्ही सहज बोललात. मला ते जिव्हारी लागलं. घरी येऊन मी मोजत बसलो. मास्तरीण, वैद्यीण, पाटलीण, तेलीण. आपल्या भाषेत बाईला धंद्याचं नाव दिलं की ती कोणाची तरी बायको होते. इंग्रजीत दिलं की ती कोणाचीच राहात नाही. नुसती काम करणारी बाई दोन्हीकडे कुठे सापडेना.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन मोठी डिक्शनरी काढली. स्पिन्स्टर. पहिला अर्थ, सूत कातणारी स्त्री. शेजारी खूण होती: जुना. दुसरा अर्थ, अविवाहित स्त्री. त्याच्या शेजारी काही खूण नव्हती, म्हणजे चालू. मी दोन्ही वाचले. हे अर्जाच्या तीन आठवडे आधीचं आहे.

कळलं ना? रामाजींच्या मोठ्या आवाजात तुमच्या घरात जे वाचलं गेलं, की दुसरा अर्थ माझ्या ध्यानात आला नाही, ते खोटं होतं.

अर्ज लिहायला बसलो. "तिचा नवरा कवडू" हे शब्द लिहिणं भाग होतं. नवरा आजारी, भेट त्याची. त्याच्या आधी, नावापुढे, धंद्याची जागा मोकळी होती. 'कातकाम करणारी' असं लांबलचक इंग्रजी मला येत होतं. न चुकता येत होतं. मी टाक बुडवला तेव्हा मला पक्कं माहीत होतं मी काय लिहितो आहे. स्वतःला म्हणालो, धंदाच तर लिहितोस गा, शब्द खरा आहे. साहेब पहिला अर्थ घेईल. कारकून वाचतोच कुठे? आणि लिहिला.

एका ओळीचा पहिला अर्धा भाग. तेवढ्यात तू कोणाचीच नव्हतीस. ओळ संपेपर्यंत पुन्हा त्याची झालीस. त्या अर्ध्या ओळीत मी राहून घेतलं. कोणाला कळणार होतं?

'तू' लिहिलं गेलं. खोडत नाही. खोडलं तर तुम्ही कागद उजेडाला धरून वाचाल.

मग मी अर्ज तुम्हाला वाचून दाखवला. त्या शब्दाशी थांबून सांगितलं, इथे लिहिलं आहे, सूत कातणारी. तुमचा चेहरा असा उजळला. म्हणालात, "सरकारच्या कागदात माह्या कामाचं नाव लागलं वं माय!" मी म्हणालो, आंगठा नको, सही करा. तुम्ही जीभ दातात धरून सही केली. 'की'ची वेलांटी दोनदा गिरवलीत. शाईने बोट भरलं ते भिंतीला पुसलंत. तो डाग अजून आहे. खिडकीतून दिसतो.

नत्थूजी म्हणतात, आंगठा असता तर बाई फसली म्हटलं असतं. ती सही मी शिकवली आणि मीच मागितली.

कवडूभाऊ आत बसून चुकीचं समजले असं मी दोन महिने सगळ्यांना सांगत फिरतो आहे. तुमच्याविषयी ते जे समजले ते सगळं चुकीचं. माझ्याविषयी एक अक्षर चुकीचं नाही. "अर्ज कोणी लिहिला" एवढंच विचारलं आणि त्यांनी ओळखलं. डिक्शनरी न उघडता.

तुमच्या एका शब्दाचं हे उत्तर. याहून बरं उत्तर माझ्याजवळ असतं तर तेच दिलं असतं. उत्तराची वाट पाहणार नाही असं लिहितो आहे, आणि रोज टपालाच्या वेळेला दारात उभा राहणार आहे.

मुकुंद


नागपूर,
रविवार, ता. २२ मार्च १९३१, सकाळ

सौ. देवकीवहिनी यांस,

पाकिटावर सौ. ठसठशीत लिहिलं आहे. उमरेडच्या पोस्टमनने ते गल्लीत ओरडून वाचावं अशी माझी इच्छा आहे. आज दुपारनंतर ते तसं लिहिता येईल की नाही, मला माहीत नाही. हे पत्र तुमच्या हातात पडेल तेव्हा तुम्हाला निकाल आधीच कळलेला असेल. तरी लिहितो.

जानेवारीच्या पत्राला उत्तर आलं नाही. बरोबर केलंत.

दिल्लीत करार झाला आणि जेलची फाटकं उघडली, हे तिकडेही कळलं असेल. कवडूभाऊ गेल्या आठवड्यात सुटले. फाटकापुढे ही गर्दी, हार काय, गुलाल काय. ते फार बारीक झाले आहेत. दाढीत एका बाजूला पांढरं दिसलं. मी माणसं लोटत पुढे गेलो. म्हटलं, "कवडूभाऊ, वहिनीची काही चूक नाही, मी..." ते थांबले. गळ्यातला हार काढला, हातात धरला. इतक्या हळू बोलले की शेजारच्यालाही ऐकू गेलं नसेल.

"मुकुंदा, म्या तुले म्हणलं होतं, घराकडे पाहजो. तू पाहूनच राहिला होता, नाही का गा?"

नत्थूजींनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला आणि नेलं. मी गुलालात उभा. लोकांना वाटलं मीही सुटून आलो. एका बाईने मला ओवाळलं.

ते तुमच्या घरी उतरले नाहीत. कुलूप तसंच आहे. नत्थूजींच्या घरी जेवतात, तिथेच निजतात. आणि आज नऊ वाजता नत्थूजींच्या अंगणात पंच बसत आहेत. काडीमोडासाठी. कवडूभाऊ स्वतः काही मागत नाहीत म्हणे. विचारलं की म्हणतात, "पंच म्हणन ते." नत्थूजींनी दुसरी पोरगी पाहून ठेवली आहे. रामाजींना निरोप गेला आहे. तुम्हाला गेला नसणार.

काल नत्थूजी माझा जिना चढून आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"मास्तर, उद्या तुमाले यावं लागते."

"मला? काहून?"

"त्या शब्दाचा अर्थ सांगाले. वामनराव वकिलाचा मुन्शी येऊन राहिला, तो त्याच्या परीनं सांगन. पण पंच म्हणते, ज्यानं लिवला त्यालेबी इचारा. एकतर्फी झालं असं कोणी म्हणू नये."

"आणि वहिनी? त्यांना कोण विचारणार?"

"तिची सही हाये ना." मग म्हणाले, "राग नोका धरू मास्तर. मी काही वैरी नाही तिचा. पण भाऊ माहा एकच हाये. जेलातून आला तवापासून भाकर अर्धी टाकते."

मला राग धरायला हवा होता. धरता आला नाही. ते गेल्यावर मी बराच वेळ भिंतीवर मुठी मारल्या; पलीकडून कोणी काय म्हणेल अशी भीती नाही, पलीकडे कोणी नाही.

आता ऐका. मी पंचांपुढे काय सांगू?

अर्थ 'सूत कातणारी' असं सांगितलं, तर मुन्शी उठून दुसरा सांगेल. दोन्ही खरे. पंच म्हणतील, कागदावर कचेरीचा शेरा दुसऱ्या अर्थाचा आहे. संपलं. मला दोन्ही अर्थ माहीत होते असं सांगितलं, तर पंचांतला सगळ्यात म्हातारा, जो अर्धवट डोळे मिटून बसतो, तोच विचारेल की मंग हाच शब्द काहून लिवला? त्याचं उत्तर तुम्हाला दिलं तसं अंगणात दिलं तर काडीमोड होईलच, वर तुमचं नाव माझ्या नावाला चिकटेल आणि जन्मभर निघणार नाही. तुम्ही काही केलं नाही हे मी ओरडून सांगितलं तर लोक म्हणतील, पाहा कसा ओरडून राहिला. गप्प बसलो तर म्हणतील, पाहा कसा गप्प बसला. खरं बोललो तरी तुम्ही बुडता आणि न बोललो तरी. मी हा शब्द नुसता लिहिला होता. आता तो कुठून कुठपर्यंत पसरला आहे पाहा, आणि माझ्या हातात त्याचं एक टोकही नाही.

पहाटे उठून एक ठरवलं. मला इंग्रजी येत नाही असं सांगायचं.

हसू नका. नीट योजलं आहे. पंचांना म्हणणार, बाप्पा, मी कॉलेजातून निघालो ते देशासाठी नाही, जमत नव्हतं म्हणून. मी इकडून तिकडून चार शब्द उचलले आणि मास्तर होऊन बसलो. बाईने विश्वास ठेवला. तिला वाटलं हा शिकलेला. स्पिनरला शेपूट लावलं की स्पिनरीण होते एवढीच माझी अक्कल. मुन्शी परीक्षा घेणारच, तो संधी सोडायचा नाही. त्याने विचारलं तर 'आय गोज' म्हणणार. 'ही आर' म्हणणार. तो हसेल, मग पंच हसतील, मग कुंपणावर बसलेला अख्खा मोहल्ला हसेल. ज्याच्याकडून गेल्या आठ महिन्यांत सगळ्यांनी अर्ज लिहून घेतले त्याला इंग्रजी येत नाही म्हटल्यावर ते काय म्हणतील ते मी आत्ताच कानांनी ऐकतो आहे. जेवढे हसतील तेवढं बरं. मूर्खाच्या चुकीपायी संसार मोडू नये, एवढं त्या म्हाताऱ्याला हसता हसता सुचलं तर झालं.

तुम्हाला आठवत असेल, मला कोणी एक शब्द चुकीचा म्हटलं तरी माझं डोकं फिरतं. ताराचंदला काय बोललो ते तुम्ही ऐकलं आहे. आज मुन्शी मला सगळ्यांसमोर अडाणी म्हणेल आणि मी "होय जी" म्हणणार आहे. घोकून ठेवलं आहे. होय जी, होय जी.

एकाच माणसाला हे पटणार नाही. कवडूभाऊ तिथे बसलेले असतील. त्यांच्या घरी बसून मी वर्तमानपत्रातली इंग्रजी भाषणं मराठीत वाचून दाखवत असे, एकदाही न अडखळता. ते माझ्याकडे पाहतील आणि त्यांना कळेल की हा खोटं बोलतो आहे. कोणासाठी बोलतो आहे तेही कळेल. त्यांनी तोंड उघडून एवढं म्हटलं की याला इंग्रजी येतं, तर सगळं ढासळतं. ते गप्प राहिले तर तुम्ही वाचता. म्हणजे मी काही करतच नाही. मी खोटं सांगणार, आणि ते चालवून घ्यायचं की नाही ते कवडूभाऊ ठरवणार. त्यांनी मला घर सोपवलं होतं. मी त्यांच्यावर माझं खोटं सोपवतो आहे.

मला वाटतं ते काही बोलणार नाहीत. रात्रंदिवस चक्की ओढताना ते माझा राग करत होते, तुमचा नाही, असं मला वाटतं. पण मला जे जे वाटलं ते खरं निघालं असतं तर हा अर्ज लिहिलाच गेला नसता.

तुम्ही परत आलात तर भिंतीपलीकडे मी नको. ही खोली आज सोडतो. घरमालकाला काल सांगितलं. पेटीत चार सदरे, पुस्तकं, एक पाटी. पंचांचं आटोपलं की तिथूनच स्टेशन. कुठे जाणार ते ठरलेलं नाही, ठरलं तरी कळवणार नाही. जानेवारीचं पत्र चुलीत घाला. हेही घाला. सहीचा सराव मात्र सोडू नका. सहीने तुमचं काही बिघडवलेलं नाही. वर काय लिहिलं आहे ते आधी कोणा दुसऱ्याकडून वाचून घ्या, माझ्यासारख्याकडून नको.

खालून हाक आली. "ओ मास्तर, चला ना जी, पंच खोळंबले!" मुन्शी आला वाटतं, पायताणं वाजली.

तुम्हाला एकदा नुसतं 'देवकी' म्हणून पत्र लिहायचं होतं. ते राहिलं.

कागद दाराच्या फळीवर धरून लिहितो आहे, म्हणून अक्षर वाकडं. खोली रिकामी आहे. पेटी जिन्यावर ठेवली. पत्र वाटेत डब्यात टाकतो. निघालो, दार लावून घेतो.

मुकुंद